दोन भाऊ, चार मिनिटं आणि आधीचे साडेसहा महिने

माझी भाची कोल्हापूरला असते. मातीच्या कुंड्या रंगवून विकते आणि त्याचं इन्स्टाग्राम पेज चालवते. दर दोन-तीन दिवसांनी तिचा मेसेज ठरलेला, "मावशी, बघ ना गं, हीपण रील दोनशेवरच अडकली." मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे व्हिडिओ एडिट करते, म्हणून घरात मला या विषयातली डॉक्टर समजतात. मीही डॉक्टरकीचा आव आणून काहीबाही सांगायचे. पहिल्या तीन सेकंदांत कुंडी दिसू दे, संध्याकाळी टाक, कॅप्शन आटोपशीर ठेव. त्यातलं काही चुकीचं नव्हतं. पण दुखणं गुडघ्याचं आणि मलम कपाळाला, असा तो प्रकार. दोनशे लोक तिची कुंडी बघून जात होते. त्यातलं कोणी परत येत नव्हतं, हे तिचं खरं दुखणं.

शेवटी एका रविवारी फोनवर मी तिला जॉन आणि हँक ग्रीन या दोन अमेरिकन भावांचं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. सोशल मीडियावर माणसं कशी जमतात आणि जमलेली कशी टिकतात, हे कळायला माझ्या माहितीत यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. एक तर ते सगळं उघड्यावर घडलेलं आहे, जुने व्हिडिओ आजही जाऊन बघता येतात. शिवाय सुरुवातीला त्यांच्याकडे टीम नव्हती, लाइट नव्हते, बजेट नव्हतं. त्या वेळी इन्स्टाग्रामचा जन्मसुद्धा झाला नव्हता.

जानेवारी २००७

यूट्यूबला तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. गूगलने ते १६५ कोटी डॉलरला विकत घ्यायचा सौदा आदल्या ऑक्टोबरमध्येच केला होता. जाहिरातींच्या पैशातला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देण्याची पद्धत सुरू व्हायची होती. ती मे २००७ मध्ये आली, तीही मोजक्या लोकांसाठी. म्हणजे ज्या दिवशी या भावांनी पहिला व्हिडिओ टाकला, त्या दिवशी या धंद्यात पैसा नव्हताच. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. "मॉनेटाइज कधी होणार" हा प्रश्न मनात नसताना माणूस वेगळ्या तऱ्हेने बोलतो.

थोरला जॉन २९ वर्षांचा, न्यूयॉर्कमध्ये राहणारा, किशोरवयीन वाचकांसाठी कादंबऱ्या लिहिणारा. पहिल्याच कादंबरीला २००६ साली किशोरांच्या पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार मिळालेला. धाकटा हँक २६ वर्षांचा, देशाच्या दुसऱ्या टोकाला, मोंटाना राज्यातल्या मिझुला गावात. तो पर्यावरण आणि तंत्रज्ञान यांवर 'इकोगीक' नावाची वेबसाइट चालवायचा. दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे मुख्यतः चॅटवर टाइप केलेल्या दोन ओळी. परगावी नोकरीला गेलेल्या भावंडांचं होतं तसंच.

त्यावर त्यांनी एक खेळ काढला आणि त्याला 'ब्रदरहूड २.०' नाव दिलं. वर्षभर एकमेकांना एकही अक्षर लिहायचं नाही. ईमेल बंद, चॅट बंद, एसएमएस बंद. फोन केलेला चालेल. सोमवार ते शुक्रवार आळीपाळीने एकेकाने दुसऱ्यासाठी व्हिडिओ करून टाकायचा. व्हिडिओ चार मिनिटांच्या आत. दिवस चुकला किंवा मिनिटं वाढली, तर दुसरा भाऊ सांगेल ती शिक्षा. झी फ्रँक नावाच्या एका अमेरिकन कलावंताने मार्च २००६ पासून वर्षभर रोज असा कार्यक्रम चालवला होता, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं दोघे मोकळेपणाने सांगतात.

आता त्यांचा कोणताही व्हिडिओ लावा. पहिलं वाक्य असतं, "गुड मॉर्निंग, हँक, आज मंगळवार." किंवा उलट, "गुड मॉर्निंग, जॉन." भाचीला मी म्हटलं, इथे थांब आणि तुझ्या शेवटच्या दहा रीलची पहिली वाक्यं आठव. ती हसली. "हाय गाइज, वेलकम बॅक." हे गाइज कोण, ते तिलाही माहीत नाही. घोळक्याशी बोलताना आपला आवाज आपोआप लाउडस्पीकरचा होतो, हात जास्त हलतात, डोळे मोठे होतात. भावाशी बोलताना तसं होत नाही. भावासमोर आव आणून चालत नाही, तो लगेच ओळखतो.

आणि बघणाऱ्याचं काय होतं? जुन्या चाळीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून दोघांचं बोलणं चाललेलं असतं. आपण कपडे वाळत घालता घालता ऐकतो. आपल्याला कोणी बोलावलेलं नसतं, आणि म्हणूनच ऐकण्यात मजा असते. मग न राहवून आपण मधेच तोंड घालतो, "अहो, ती बस आता तिथून सुटत नाही." कमेंट म्हणजे हेच. या भावांच्या व्हिडिओखाली लोक जे लिहायला लागले ते "नाइस व्हिडिओ" नव्हतं, ते बोलण्यात तोंड घालणं होतं.

नियमांचाही एक फायदा झाला, जो त्यांनी ठरवून केलेला नसावा. नियम जाहीर होते. व्हिडिओ चार मिनिटांच्या पुढे गेला तर ते कोणालाही दिसत होतं. त्यामुळे बघणारा आपोआप पंच झाला. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये खेळायला न मिळालेलं पोरगं अंपायर होतं आणि मग खेळणाऱ्यांपेक्षा जास्त ओरडतं, ते आठवा.

नाव आधी, गर्दी नंतर

फेब्रुवारी २००७. जॉन एका विमानतळावर अडकला होता. तिथे 'एरो फायटर्स' नावाचं नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र होतं. त्यावरची अक्षरं त्याने 'नर्ड फायटर्स' अशी वाचली. नर्ड म्हणजे आपल्याकडचा पुस्तकी किडा. मग हे नर्ड फायटर कोण, नर्ड लोकांशी लढणारे की स्वतः नर्ड असून लढणारे, यावर त्याने त्या दिवशीचा व्हिडिओ केला. उत्तर अर्थातच दुसरं ठरलं. त्यांची लढाई कशाशी? जगातल्या वाईट, भिकार गोष्टींशी. त्या शक्य तितक्या कमी करायच्या. झालं, बघणाऱ्यांना नाव मिळालं.

त्या वेळी बघणारे मूठभर होते, ही गोष्ट विसरू नका. लाखभर लोक जमल्यावर "माझ्या फॅमिलीला काय नाव देऊ, कमेंटमध्ये सांगा" असं विचारणारे पुष्कळ दिसतात. इथे क्रम उलटा आहे. आणि नाव कसं आहे तेही बघा. ते जॉनच्या किंवा हँकच्या नावावरून आलेलं नाही. आपल्याकडचा वारकरी हा शब्द घ्या. तो विठोबाच्या नावावरून आलेला नाही. वारी करतो तो वारकरी. शब्दातच काम आहे. नर्डफायटर हे नाव त्याच जातीचं आहे. ते लावून घेतलं की काहीतरी करणं आलं.

मार्केटिंगवाले याला 'कम्युनिटी बिल्डिंग' म्हणतात. मला हा शब्द ऐकला की बिल्डरच आठवतो.

बुधवार, १८ जुलै

हँक दर एक आड बुधवारी स्वतः रचलेलं गाणं गिटारवर म्हणायचा. हॅरी पॉटर मालिकेचं सातवं आणि शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला येणार होतं. त्याच्या तीन दिवस आधी हँकने त्या पुस्तकाची वाट बघणं सोसवत नाही अशा अर्थाचं एक गाणं म्हटलं, 'ॲक्सिओ डेथली हॅलोज'. तेव्हा यूट्यूबच्या पहिल्या पानावर कोणते व्हिडिओ झळकवायचे, हे तिथली माणसं निवडत असत. त्यांनी हे निवडलं. सबस्क्रायबरचा आकडा एकदम वर गेला.

हे प्रकरण ज्यांना अर्धवट माहीत असतं, ते इथूनच सुरुवात करतात. "एक गाणं व्हायरल झालं आणि चॅनेल चाललं." भाचीही म्हणाली, "म्हणजे ट्रेंडिंग ऑडिओ लावायचा ना?"

मी तिला कॅलेंडर उघडायला लावलं. १ जानेवारी २००७ हा सोमवार. तिथपासून १८ जुलैपर्यंतचे सोमवार ते शुक्रवार मोजले तर तो १४३वा दिवस येतो. एखाददुसरा दिवस चुकला असेल, तरी त्या गाण्याच्या पाठीमागे सव्वाशेच्या वर व्हिडिओ उभे होते. गाणं ऐकून जो आत आला, त्याला आत काय सापडलं? सहा महिने चालू असलेलं दोन भावांचं बोलणं. शिक्षांचा हिशेब. एक विचित्र नाव आणि ते मिरवणारी माणसं. ज्याला आवडलं तो मागे मागे जात पहिल्या दिवसापर्यंत पोचला. पाहुणे आले तेव्हा घर बांधून झालं होतं, चूल पेटलेली होती. नुसतं गाणं असतं, तर लोक दारातून ऐकून पुढे गेले असते. एका व्हायरल व्हिडिओनंतर विस्मरणात गेलेली पेजेस माझ्याच हार्ड डिस्कवर डझनभर आहेत. त्यांचे व्हिडिओ मी एडिट केले होते.

नशिबाचा भाग नाकारायचं कारण नाही. हॅरी पॉटरच्या चाहत्यांची तयार गर्दी तिथे होती, त्यांचे स्वतःचे गाण्यांचे बँडसुद्धा होते. पण हँक त्या गर्दीतलाच होता. पुस्तकाची वाट तो खरंच बघत होता. बाहेरून येऊन दुसऱ्याच्या मांडवात सतरंजी टाकणारा आणि त्याच मांडवात लहानाचा मोठा झालेला, यांच्यातला फरक मांडवातल्या लोकांना लगेच कळतो.

बघणाऱ्यांना काम दिलं

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म जुलैमध्ये नाही, डिसेंबरमध्ये आहे.

त्या काळी यूट्यूबवर 'सर्वांत जास्त चर्चेत' अशी एक यादी असायची. ज्या व्हिडिओवर जास्त कमेंट, तो वर. या भावांनी १७ डिसेंबर २००७ ला आपल्या प्रेक्षकांना सांगितलं, प्रत्येकाने आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या एका समाजसेवी संस्थेबद्दल व्हिडिओ करा, सगळे त्याच दिवशी टाका आणि दिवसभर एकमेकांच्या व्हिडिओवर कमेंट करत राहा. यादी या व्हिडिओंनी भरून गेली. त्या दिवशी यूट्यूब उघडणाऱ्याला मांजरींच्या जागी अनाथाश्रम दिसले. याला त्यांनी 'प्रोजेक्ट फॉर ऑसम' म्हटलं. तो अजून दरवर्षी होतो. पुढे त्यात देणग्याही गोळा व्हायला लागल्या, आणि कोणत्या संस्थांना पैसे द्यायचे यावर प्रेक्षक मतं देतात. अलीकडच्या वर्षांत हे पैसे लाखो डॉलरमध्ये जातात.

अल्गोरिदम हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण या मंडळींनी त्याला बरोबर वेसण घातली. आणि हे दोघांच्याने होणारं कामच नव्हतं. त्याला शंभर-दोनशे हात लागत होते. ज्याने कधी कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं, त्याने त्या दिवशी पहिला व्हिडिओ केला. आणि त्याखाली अनोळखी लोकांच्या कमेंट आल्या! असा माणूस चॅनेल सोडून जात नाही. आपण ज्या गणेश मंडळात खांब रोवायला गेलो, ते मंडळ आपलं. वर्गणी देऊन प्रसाद घेऊन आलो, ते शेजारचं.

आपल्याकडे 'एंगेजमेंट' वाढवायची म्हणजे काय करतात? "तुमचं आवडतं फूल कमेंटमध्ये सांगा." सांगून होणार काय? पुढच्या व्हिडिओत त्या फुलाचं काही होत नाही. लोकांना हे चार वेळा कळतं आणि पाचव्या वेळी ते सांगत नाहीत. विचारलं, तर उत्तराने काहीतरी बदललं पाहिजे. मग ते कितीही छोटं का असेना.

मी स्वतः याच्या नेमकं उलट केलं होतं, तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या पेजसाठी मी पाच हजार फॉलोअर विकत घेतले. एका रात्रीत आकडा फुगला, मी नवऱ्याला उठवून दाखवला. पुढचा व्हिडिओ टाकला आणि शुकशुकाट. विकतच्या पाच हजारांत बघणारं कोणी नव्हतंच, आणि जे आधीचे तीनशे बघायचे त्यांच्यापर्यंतही तो नीट पोचेना. नवी पोस्ट आधी थोड्यांना दाखवून बघायची, त्यांनी दाद दिली तर पुढे सरकवायची, अशी ही यंत्रणा चालते. माझे थोडे म्हणजे मढी निघाली. पेज बंद केलं आणि पुन्हा शून्यापासून काढलं.

पुढची वर्षं, भराभर

२००७ संपलं, खेळ संपला. पण भाऊ थांबले नाहीत. रोजचा नेम सोडून हळूहळू आठवड्याला दोनावर आले. मंगळवार जॉनचा, शुक्रवार हँकचा, आजही. चॅनेलचं नाव व्लॉगब्रदर्स. २००८ मध्ये हँकने एका मित्राबरोबर टीशर्ट, सीडी असं विकणारी कंपनी काढली. २०१० च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्यांचं आणि बघणाऱ्यांचं संमेलन भरवलं, व्हिडकॉन. पहिल्या वर्षी सुमारे १,४०० माणसं आली. २०१८ मध्ये ते व्हायाकॉम या अमेरिकन मीडिया कंपनीने विकत घेतलं. 'क्रॅश कोर्स' आणि 'सायशो' हे शिकवणारे चॅनेल निघाले, जे आपल्याकडचे विद्यार्थीही बघतात. प्रेक्षकांनी दरमहा थोडे पैसे द्यावेत म्हणून २०१३ मध्ये 'सबेबल' नावाची साइट काढली, ती २०१५ मध्ये तसंच काम करणाऱ्या पेट्रिऑन या साइटमध्ये विलीन झाली. जाहिरातीवर सगळा भार कधीच टाकला नाही, एवढं यातून घ्यायचं.

एक गोष्ट मात्र भराभर सांगण्यासारखी नाही. २०११ मध्ये जॉनने पुढच्या कादंबरीचं नाव व्हिडिओत जाहीर केलं आणि सांगितलं की आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना सहीची प्रत मिळेल. आता कोणती प्रत कोणत्या दुकानातून कोणाकडे जाणार, हे कसं कळणार? त्याने मार्ग काढला, पहिल्या आवृत्तीच्या सगळ्याच्या सगळ्या प्रतींवर सही करायची. १,५०,००० प्रती. छपाईआधी सुटी पानं घरी आणून तो सह्या करत बसायचा आणि सह्या करता करता व्हिडिओत बोलायचा. एका सहीला पाच सेकंद धरा, दोनशे तासांच्या वर जातात. पुस्तक जानेवारी २०१२ मध्ये आलं. पण ॲमेझॉनच्या यादीत ते त्याच्या कितीतरी महिने आधी पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. प्रसिद्धी तज्ज्ञाला विचारलं असतं, तर त्याने हजार प्रतींवर सह्या करून 'लकी विनर' काढायला सांगितले असते. लकी विनरमध्ये एक हजार खूश होतात आणि बाकीचे दुखावतात.

जवळिकीची दुसरी बाजू

इतकी जवळीक झाली की तिचा गैरफायदा घेणारेही येतात. २०१४ मध्ये त्यांच्या कंपनीशी जोडलेल्या काही संगीतकारांवर चाहत्यांशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले. कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले. हे भाऊ त्यात नव्हते. पण प्रेक्षक तरुण, कित्येक शाळकरी, आणि पडद्यावरचा माणूस म्हणजे आपला जिवलग मित्र असं मानणारे. "आपण सगळे एकच कुटुंब" या वातावरणात कोणावर शंका घेणं अवघड होतं, हा धडा तिथल्या सगळ्यांनाच महागात शिकावा लागला.

स्वतःच्या घराबाबत जॉनने पहिल्यापासून एक रेघ आखलेली होती. त्याची बायको कॅमेऱ्यासमोर यायची नाही. व्हिडिओत तो तिला 'यती' म्हणायचा, ज्याच्याबद्दल सगळे ऐकतात पण दिसत कोणालाच नाही तो हिमालयातला प्राणी. नाही म्हणण्याचीसुद्धा त्याने गंमत केली, आणि ती गंमत प्रेक्षकांना नकारापेक्षा जास्त आवडली. भाचीने हे ऐकून दुसऱ्याच दिवशी आपल्या दोन जुन्या रील काढून टाकल्या. त्यांत घराची पाटी आणि समोरच्या शाळेचं फाटक स्पष्ट दिसत होतं. तिच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

मुंबईचा धागा

२०१९ मध्ये जॉन सिएरा लिओनला गेला. तिथल्या लाक्का इथल्या सरकारी इस्पितळात त्याला क्षयरोगाचे रुग्ण भेटले, त्यांत एक मुलगा होता. त्यानंतर क्षयरोगाच्या विषयाने त्याला झपाटलं. २०२३ च्या जुलैत त्याने जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला उद्देशून एक व्हिडिओ केला. बेडाक्विलिन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं महत्त्वाचं औषध. त्याचं मूळ पेटंट १८ जुलै २०२३ ला संपत होतं. पण कंपनीकडे अनेक देशांत पुढच्या काही वर्षांची दुय्यम पेटंटं होती, म्हणजे त्याच औषधाच्या थोड्या वेगळ्या रूपावरची. म्हणजे स्वस्त औषध आणखी लांबणार. व्हिडिओ ११ जुलैला आला आणि नर्डफायटरांनी कंपनीच्या पोस्टखाली, फोनवर, ईमेलवर भडिमार सुरू केला. १३ जुलैला जाहीर झालं की ग्लोबल ड्रग फॅसिलिटी या जागतिक संस्थेमार्फत बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना या औषधाची स्वस्त जेनेरिक आवृत्ती मिळू शकेल.

दोन दिवसांत विजय! असं लिहायचा मोह होतो, आणि अनेकांनी तसं लिहिलंही. पण त्या वाटाघाटी आधीपासून चालू होत्या, आणि आपली पेटंटं औषधाच्या आड येतात हे कंपनीने मान्य केलं नाही. शिवाय चार महिने आधी, मार्च २०२३ मध्ये, याच औषधाच्या दुय्यम पेटंटचा भारतातला अर्ज फेटाळला गेला होता. तो फेटाळला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने. अर्जाला हरकत घेतली होती दोन स्त्रियांनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून वाचलेल्या. दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या उपचारातल्या इंजेक्शनांनी हिरावून नेलेली. २०१९ साली त्यांनी ही हरकत नोंदवली, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संस्था त्यांच्या पाठीशी होती. चार वर्षं फायली, तारखा, कागद. त्याचा व्हिडिओ कोणी चार मिनिटांत केला नव्हता.

मग या चॅनेलचं श्रेय किती? माझा अंदाज असा की जड गाडा आधीच हलायला लागला होता, आणि शेवटच्या चढावर हजारो लोकांनी मागून हात लावला. असे हात ऐन वेळी हजर असणं हीसुद्धा सोळा वर्षांची कमाई आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हेच लोक डॅनाहर कंपनीच्या मागे लागले. क्षयरोग झटपट ओळखणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्राची काडतुसं, म्हणजे चाचणीगणिक लागणारा सुटा भाग, त्यांची एक कंपनी विकते. किंमत ९.९८ डॉलरवरून ७.९७ डॉलरवर आली. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची मागणी ५ डॉलरची होती, तीही अनेक वर्षांपासूनची. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे या काडतुसाच्या किमतीशी आपला संबंध दूरचा नाही.

आणि एवढं सगळं करणाऱ्या चॅनेलचे सबस्क्रायबर किती? चाळीस लाखांच्या आसपास. नुसत्या आकड्याने बघितलं तर आपलं मधुराज रेसिपी मराठी त्यांच्या पुढे आहे.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, त्यांचं ठीक आहे गं. ते इंग्रजीत बोलतात, एकाला बक्षीस मिळालेलं, आणि तेव्हा यूट्यूबवर गर्दी नव्हती." तिन्ही मुद्दे बरोबर होते, मी वाद घातला नाही. २००७ चं यूट्यूब परत येणार नाही. २०१२ पासून तिथे व्ह्यूजपेक्षा माणूस किती वेळ बघत राहिला याला वजन आलं, आणि आता तर कोणता व्हिडिओ कोणापुढे जाईल हे फॉलो केलेल्यांवरही अवलंबून राहिलेलं नाही. पण मी तिला विचारलं, तुझ्या कुंड्यांचं सगळ्यात जास्त कौतुक कोणाला? ती म्हणाली, आज्जीला. आज्जी गडहिंग्लजला असते, मोबाइल वापरते, चष्मा लावून सगळं बघते आणि फोन करून चुका काढते.

आता भाचीच्या रीलची सुरुवात "आज्जी, हे बघ," अशी होते. आज्जीचा चेहरा, घर, नाव काही दिसत नाही. आणि दर गुरुवारी ती एक तडा गेलेली कुंडी दुरुस्त करून रंगवते. कुंडी बघणाऱ्यांनी सुचवायची. घरातल्या फुटक्या कुंडीचा फोटो पाठवायचा, ती त्यातली एक निवडते, आणि रंग कोणता ते फोटो पाठवणारा ठरवतो. रंग जुळत नसला तरी बदलायचा नाही, असा नियम तिने स्वतःच घातला आहे. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी जांभळ्यावर पोपटी सांगितला. आज्जीचा फोन आला, "हे काय ध्यान केलंयस?" ते वाक्य तिने पुढच्या रीलमध्ये सांगितलं.

पहिल्या गुरुवारी तीन फोटो आले होते. त्यातला एक मीच पाठवला होता, दुसऱ्या नावाने. गेल्या गुरुवारी अकरा आले, आणि माझी कुंडी निवडली गेली नाही.